शेजारच्या गॅरेजमधलं वंगण

माझ्या बाबांनी आयुष्यभर काडतुसं तपासली आणि गोळी मात्र एकही झाडली नाही. खडकीला सरकारी कारखान्यात ते लाइनवर बसायचे. पट्ट्यावरून पितळी काडतुसं सरकत यायची, त्यातलं चिरलेलं, पोचा आलेलं, डाग पडलेलं वेचून बाजूच्या डब्यात टाकायचं, एवढंच काम. ती सवय घरीही सुटली नव्हती. आईनं नवी वाटी आणली तरी ती उजेडात धरून, फिरवून बघायचे. शेजारणी आईला चिडवायच्या, "वाटी पास झाली का हो?" पुढं मी न्यूझीलंडला आले आणि टौरंगाच्या एका पॅकहाउसमध्ये किवीफळांची प्रतवारी करणाऱ्या यंत्रांवर काम करायला लागले, तेव्हा बाबा फोनवर म्हणाले होते, "म्हणजे बापानं काडतुसं तपासली, लेक फळं तपासणार. घराण्याचा धंदा काही सुटला नाही."

आई गेली आणि मी त्यांना इकडं आणलं. मी एकुलती एक. खडकीच्या फ्लॅटमध्ये ते एकटे गॅसवर दूध ठेवून विसरतात, हे मला रोज हजारो मैलांवरून डोळ्यांसमोर दिसायचं. बाबांनी आता इथंच राहावं, कायमचं, एवढी एकच गोष्ट त्या काळात मला हवी होती. नवऱ्याचीही ना नव्हती. "त्यांना विचार तर खरं," एवढंच तो म्हणायचा. मी विचारत नव्हते, कारण उत्तर माहीत होतं.

बाबांचा इथं जीव रमत नव्हता. सकाळी उठून आंघोळ करायची, बुद्धमूर्तीपुढं मेणबत्ती लावून पंचशील म्हणायचं, चहा प्यायचा, आणि मग समोर सबंध दिवस आ वासून उभा. बाहेर पडावं तर रस्त्यावर गाड्याच गाड्या. पायी चालणारा माणूस दिसला तर तो कुत्र्याला फिरवायला निघालेला. खडकीत विहार घराच्या मागं होता, संध्याकाळी तिथं जाऊन बसलं की चार माणसं भेटायची. इथं आपली माणसं जमायची ती ऑकलंडला, भाड्याच्या हॉलमध्ये, तीही कधीमधी. मी कामावरून घरी आले की चमचे आकारानुसार लावलेले, दारातल्या जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी सपाता, एका रेषेत मांडलेल्या. बाबा सोफ्यावर हात मांडीवर ठेवून बसलेले. मला भडभडून यायचं आणि मग उगाचच मी त्यांच्यावर ओरडायचे की टीव्ही तरी लावा.

आमच्या शेजारी एक म्हातारा गोरा राहायचा. बंदरात क्रेन चालवून निवृत्त झालेला, बायको वारलेली, मुलं ऑस्ट्रेलियात. त्याच्या गॅरेजमध्ये गाडी कधीच नसायची. गाडी रस्त्यावर, गॅरेजमध्ये त्याचा उद्योग. एका सकाळी तिकडून वितळलेल्या मेणाचा वास आला आणि बाबा त्या वासामागं गेले. मी त्या दिवशी घरून काम करत होते. खिडकीतून पाहिलं तर बाबा त्याच्या गॅरेजच्या दारात उभे. मी लॅपटॉप टाकून धावले. न बोलावता कुणाच्या दारात उभं राहायची इथं पद्धत नाही, हे त्यांना किती वेळा सांगितलं होतं.

मी पोचेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं होतं. शेजारी "किया ओरा" म्हणाला होता. बाबा "नमस्ते" म्हणाले होते. टेबलावरच्या ट्रेमध्ये शिशाच्या गोळ्या रचलेल्या होत्या, त्यानं स्वतः साच्यात ओतलेल्या. बाबांनी त्यातली एक उचलली, उजेडात धरली, फिरवली आणि बाजूला ठेवली. म्हणाले, "रिजेक्ट." शेजाऱ्यानं चष्मा लावून ती गोळी पाहिली. बुडाशी खरंच एक बारीकशी खळी होती. तो हसला आणि सगळा ट्रे बाबांपुढं सरकवला.

तेव्हापासून बाबांची फर्स्ट शिफ्ट सुरू झाली. हा शब्द त्यांचाच. नाश्ता झाला की कपडे बदलायचे, केसांना तेल लावायचं, "जातो गं शिफ्टला" म्हणायचं आणि कुंपणाच्या फटीतून पलीकडं.

मी आधी घाबरले होते. गोळ्या आहेत म्हणजे बंदूकही असणार. पण शेजाऱ्यानं मला नीट दाखवलं. बंदूक पोलादी कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली त्याच्या खिशात, लायसन्स त्याच्या नावावर. बाबांचा संबंध फक्त शिशाशी आणि मेणाशी. गोळ्या कशासाठी, तर क्लबात कागदावर नेम धरण्यासाठी. भोकं पडलेले ते कागद त्यानं भिंतीवर डकवले होते. दारावर हरणाची शिंगंही होती, पण धुळीनं माखलेली. ती आपल्या वडिलांची, असं तो म्हणाला. स्वतःचं कंबरेचं हाड झिजल्यामुळे तो कित्येक वर्षं डोंगरात गेलाच नव्हता. बाबांना मी हे सगळं मराठीत सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे चांदमारी. मग ठीक आहे."

वंगणाचा प्रकार मला तिथंच कळला. शिशाची गोळी बंदुकीच्या नळीतून सुटताना नळीला शिसं फासत जाते, म्हणून गोळीच्या अंगावर खाचा ठेवतात आणि त्यांत मेणासारखं वंगण भरतात. ते दुकानात मिळतं, पण शेजाऱ्याला दुकानचं आवडत नसे. किवीच्या बागांमध्ये मधमाश्यांच्या पेट्या नेऊन ठेवणारा एकजण त्याच्या ओळखीचा होता, त्याच्याकडून तो पिवळंधमक मेण आणायचा. त्यात मेंढीच्या लोकरीतून निघणारी चिकट चरबी आणि थोडं तेल. गरम पाण्याच्या पातेल्यात दुसरं पातेलं ठेवून हे सगळं हळूहळू वितळवायचं आणि टेबलाला घट्ट बसवलेल्या एका छोट्या यंत्राच्या टाकीत ओतायचं. मग त्या यंत्राचं हँडल खाली ओढलं की गोळी ठरलेल्या मापात दाबली जायची आणि खाचांमध्ये वंगण भरून वर यायची.

खरी मेख ओतण्यात. टाकी गार असेल तर वंगण कडेला आधी थिजतं आणि आत पोकळी राहते. मग काही गोळ्यांना वंगण लागतं, काही कोरड्याच बाहेर येतात. बाबांनी पहिल्यांदा ओतलं ते कारखान्यातला साहेब मागं उभा असल्यासारखं, घाईघाईनं. टाकीच्या तोंडावरून ओघळ टेबलावर, टेबलावरून त्यांच्या स्वेटरवर. शेजारी "नो वरीज, मेट" म्हणत राहिला, पण बाबा घरी आले ते तोंड पाडून. मी जुनं वर्तमानपत्र पसरून इस्त्रीनं त्या स्वेटरवरचं मेण काढत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाले, "तुझा तो केस वाळवायचा पंखा दे."

"तुम्हाला कशाला? डोक्यावर केस राहिलेत किती?"

"मला नाही, टाकीला पाहिजे. आधी शेकून घ्यायची असते. तो म्हणालाय."

"तो म्हणाला आणि तुम्हाला कळलं?"

"कळतं गं. कामाचं बोलणं कळतं."

मी ड्रायर दिला तो परत आलाच नाही. एकदा कुंपणापाशी कपडे वाळत घालताना मी त्या दोघांना पाहिलं. बाबा ड्रायर टाकीवर धरून गोल फिरवतायत, शेजारी दोन्ही हातांनी पातेलं कलंडवून बारीक धार सोडतोय, आणि दोघांचाही श्वास रोखलेला. धार संपली. दोघं वाकून टाकीत बघत राहिले. पृष्ठभाग गुळगुळीत, मध्ये खड्डा नाही. बाबा म्हणाले, "पास." शेजारी म्हणाला, "स्वीट ॲज," म्हणजे झकास. बाबांना मी आई गेल्यानंतर इतकं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं.

भांडायचेही. चरबी किती घालायची यावरून तर रोजच. बाबा "मोर, मोर" म्हणायचे, तो "नो, नो" म्हणायचा, आणि घरी येऊन बाबा मला सांगायचे, "माणूस चांगला आहे, पण हट्टी. शेरास सव्वाशेर भेटलाय म्हणावं."

एका रविवारी जेवताना ते आपणहून म्हणाले, "ते कायमचं राहायचं म्हणतेस, त्याचं काय करावं लागतं?" मी हातातला घास खाली ठेवला. नवऱ्यानं टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला. मी म्हटलं, "काही नाही, मी बघते सगळं." बाबा म्हणाले, "मग बघ." त्या रात्री मी आनंदानं रडले, आणि नवरा म्हणाला, "आता कशाला रडतेस, बाई?"

त्याच सुमारास शेजाऱ्याच्या कंबरेत नवा सांधा बसला. ऑपरेशन चांगलं झालं. महिनाभर बाबाच त्याच्या अंगणातली पत्रपेटी उघडून पत्रं आत नेऊन द्यायचे, त्याच्यासाठी खिचडी घेऊन जायचे. तो बरा झाला, आधी काठीनं आणि मग काठीशिवाय चालायला लागला. उन्हाळा संपला आणि पानगळ सुरू होता होता एका शनिवारी तो पहाटेच गाडी घेऊन कुठंतरी गेला. संध्याकाळी आमच्या दारात उभा. दोन्ही हातांत पांढऱ्या कपड्यात गुंडाळलेली तंगडी. चेहरा लहान मुलासारखा फुललेला.

बाबा माझ्या मागं उभे होते. शेजारी त्यांच्याकडं बघत बोलला आणि मग माझ्याकडं वळला, मी सांगावं म्हणून. मी सांगितलं. "बाबा, ते म्हणतायत, इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच डोंगरात गेले होते. तुमच्या हातची गोळी होती. हे हरीण तुमच्यासाठी मारलंय."

बाबांनी दोन्ही हात पुढं करून ते घेतलं. "थँक्यू," म्हणाले. मान झुकवली. शेजाऱ्यानं त्यांच्या खांद्यावर थोपटलं आणि गेला. बाबांनी ते ओट्यावर ठेवलं, हात धुतले आणि खुर्चीवर बसले.

"मी नाही खायचा हे," ते म्हणाले.

मला आधी वाटलं थट्टा करतायत. "का? रविवारी माझ्या हातचं मटण तर ताट चाटून-पुसून खाता."

"ते दुकानातलं असतं. कुणाचं नाव घेऊन मारलेलं नसतं. हे माझ्यासाठी मारलंय. मी माझ्या कानांनी ऐकलं."

मग त्यांनी मला समजावलं, विहारात भन्तेजी समजावतात तशा शांत आवाजात. भिक्खूनं भिक्षेत मांस आलं तर तीन गोष्टी बघायच्या: मारताना पाहिलेलं नसावं, आपल्यासाठी मारलं असं ऐकलेलं नसावं, तशी शंकाही नसावी. मी म्हटलं, "तुम्ही कुठं भिक्खू आहात? तुम्हाला कोण विचारणार आहे?" नवरा म्हणाला, "बाबा, मी खाल्लं तर चालेल ना?" बाबा म्हणाले, "तुम्ही खुशाल खा." पण त्यालाही ते मग खाववेना.

मी चिडले होते. मला वाटत होतं की हे म्हातारपणीचं खूळ आहे, दोन दिवसांत उतरेल. मी म्हटलं, "आणि कारखान्यात जन्मभर काडतुसं तपासलीत ती?"

त्यांनी ओट्यावरच्या तंगडीकडं पाहिलं. मग म्हणाले, "ती कुठं जायची, आम्हाला कुणी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. विचारलं असतं तर झोप लागली नसती. घरी तुम्ही दोघी होतात, पोटं होती. इथं पहिल्यांदाच कुणीतरी दारात येऊन सांगितलं की ही तुझ्या हातची होती आणि अशी लागली."

मी ती तंगडी उचलून फ्रीजमध्ये ठेवली.

बाबांनी मला शपथ घातली की शेजाऱ्याला यातलं अक्षरही सांगायचं नाही. "त्यानं प्रेमानं दिलंय. कारण सांगितलं तर त्याला वाटेल आपण त्याला पापी म्हणतोय." मी म्हटलं, ठीक आहे, नका सांगू, पण गॅरेजमध्ये तर जा. कागदावरच्या नेमापुरतं वंगण ओता. ते म्हणाले, "गेलो तर पहिलं विचारेल, कसं लागलं? खोटं बोलायचं नाही हे सकाळीच म्हणून आलेलो असतो. खरं बोललो तर त्याचं मन मोडतं. मग जाऊ कसा?"

ते गेले नाहीत. शेजाऱ्यानं दोन-तीनदा कुंपणावरून हाक मारली. मी सांगितलं, गुडघे दुखतायत. खोटं बोलायचं काम माझ्याकडं आलं. मी पंचशील बाबांइतकं मनावर घेत नाही. तो म्हणाला, "बरं वाटलं की पाठव." मग त्यानं हाक मारणं बंद केलं. तो स्वाभिमानी माणूस, माझे बाबाही स्वाभिमानी. दोघंही मूग गिळून आपापल्या घरात बसले, मध्ये बोटभर जाडीचं लाकडी कुंपण. सकाळी मेणाचा वास यायचा आणि बाबा उठून खिडकी लावून घ्यायचे. ते पाहून मला दोघांचाही राग यायचा, आणि आपल्याला काहीच करता येत नाही याचा सर्वांत जास्त.

चमचे पुन्हा आकारानुसार लागायला लागले. जँडल्स पुन्हा रेषेत. एके दिवशी चहा पिताना बाबा म्हणाले, "मला परत जायचंय." मी खूप बोलले. भांडले, रडले, आईची आठवण काढली. म्हटलं, तुम्हाला इथं काय कमी आहे? ते म्हणाले, "काही कमी नाही गं. तुझ्याकडून काहीच कमी नाही." ते निघाले त्या दिवशी शेजारी ड्राइव्हवेपर्यंत आला, बाबांचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "लवकर ये. टाकी रिकामी आहे." मी ते मराठीत सांगितलं. बाबांनी मान हलवली आणि गाडीत बसले.

पुढच्याच वर्षी बाबांच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली. मी जाऊन राहून आले. डॉक्टर म्हणाले की आता लांबचा विमानप्रवास विसरा. विहारातली एक बाई येऊन त्यांचा स्वयंपाक करते. मी रोज फोन करते. ते रोज म्हणतात, छान आहे.

गेल्या महिन्यात शेजाऱ्यानं घर विकलं. रिटायरमेंट व्हिलेजमध्ये जायचं ठरलं, तिथं गॅरेज नाही. सामान आवरत होता म्हणून मी मदतीला गेले. टेबलावरून यंत्र निघालं होतं, त्याच्या जागी स्क्रूची चार भोकं उरली होती. तो माझ्याकडं न बघता म्हणाला, "एक विचारू? इतकी वर्षं विचारीन म्हणतोय. मांस खराब निघालं होतं का? नीट साफ केलं होतं मी. त्यानंतर तो आलाच नाही."

बाबांनी शपथ घातली होती. पण तो माणूस तिथं हातात पुठ्ठ्याचा खोका घेऊन उभा होता, आणि एवढी वर्षं स्वतःलाच दोष देत राहिला होता. मी सगळं सांगितलं. तीन गोष्टींचा नियम, कानांनी ऐकलेलं, खोटं न बोलता येणं, सगळं.

त्यानं खोका खाली ठेवला.

"पण मी त्याच्यासाठी मारलंच नव्हतं," तो म्हणाला. "झाडीतून समोर आलं, म्हणून मारलं. डोक्यात तेव्हा काहीच नव्हतं, फक्त कंबर दुखत होती. परत येताना गाडीत वाटलं, एक तंगडी त्याला द्यावी. दारात उभं राहून देताना माणूस काय म्हणतो? तुझ्यासाठी आणलंय, तुझ्यासाठीच मारलंय. असं म्हणतातच ना?"

म्हणतात. आम्हीही म्हणतो. पाहुण्यापुढं लाडू ठेवताना आई म्हणायची, खास तुमच्यासाठी केलेत, आणि ते दिवाळीतले उरलेले असायचे. आम्ही तिघंही त्या दारात होतो, आणि हे एकालाही सुचलं नाही.

त्याच संध्याकाळी मी बाबांना फोन केला. शपथ मोडली तेही सांगितलं. वाटलं, रागावतील. पण निदान त्यांच्या मनावरचं ते हरणाचं ओझं तरी उतरेल. मागं पंख्याचा आवाज येत होता आणि खाली कुणीतरी भाजी विकत होतं. मला वाटलं फोन कटला.

मग ते म्हणाले, "म्हणजे मी उगाचच आलो का गं परत?"

मी म्हटलं, नाही हो बाबा, असं काही नाही. इथली थंडी तुम्हाला मानवली नसती. टौरंगात तशी थंडी पडतच नाही, हे त्यांनाही माहीत होतं. ते म्हणाले, "हो, ते एक होतंच."